पांढरं दिसतं, असं मी आईला सांगितलं

डिसेंबर १९९६ मधल्या एका संध्याकाळी, पाचच्या सुमारास, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी या उपनगरात, आमच्या घराजवळच्या वळणावर माझ्या आईला मोटारीचा धक्का लागला. ती रस्त्याच्या कडेनं चालत होती. अंधार पडला होता. तिच्या अंगावर चमकणारं जाकीट नव्हतं. ते का नव्हतं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आईलाही नाही. ती आता नाही.

लग्नाआधी मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. काय घडलं, कुठे, कधी – हे आधी सांगायचं, असं तिथे शिकवलं होतं. ते वर सांगितलं. कुणामुळे घडलं, तेही तिथेच यायला हवं होतं. नाही आलं. अजूनही सरळ लिहिता येत नाही, म्हणून आधी आईबद्दल सांगते.

आई नर्स होती. नागपूरच्या सरकारी इस्पितळात तिची सगळी नोकरी झाली. तिची आई, म्हणजे माझी आजी, त्याच इस्पितळात झाडूकाम करायची. आम्ही बौद्ध; आजीनं नागपुरातच दीक्षा घेतली होती. ‘माझी आई ज्या वॉर्डात झाडायची, त्याच वॉर्डाची मी सिस्टर झाले,’ हे वाक्य आई कुणालाही ऐकवायची. रिक्षावाल्याला, बँकेतल्या कारकुनाला, माझ्या लग्नात व्याह्यांना. मान ताठ करून सांगायची. मला लहानपणी ते वाक्य फार आवडायचं. पुढे कधी आवडेनासं झालं? मला तारीख सांगता येणार नाही. अमेरिकेत आल्यानंतर, एवढं नक्की.

इथल्या मराठी मंडळात सगळे प्रेमळ होते. आमच्या आडनावावरून काही कळत नाही, आणि मी काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती. ती कुणाच्याही घरी शोभेला असते. मी खोटं बोलत नाही, फक्त सांगत नाही – अशी मी स्वतःची समजूत काढायची. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, याचं काही वाटत नसे. ‘कुणी विचारलं तर सांगू ना यार, त्यात काय,’ म्हणायचा. त्याला कुणी विचारत नसे, कारण कुणी विचारण्याआधीच विषय बदलायचं काम मी करत होते.

आई त्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी आली. आल्या आठवड्यातच तिनं इथल्या इंग्रजीला नावं ठेवली. ‘यांचे शब्द तोंडातच राहतात बाई,’ म्हणायची. दुकानात, डॉक्टरकडे, शेजारी – सगळीकडे मी तिचं बोलणं इंग्रजीत सांगायचे. मी कामावर गेले की ती आणि माझी सहा वर्षांची मुलगी, मैत्री. मैत्रीला शाळेच्या बसपासून आणायचं, खायला घालायचं, आणि मग मिलिंद घरी आला की फिरायला बाहेर पडायचं. फिरणं तिनं एक दिवस चुकवलं नाही.

नोव्हेंबरात दिवस आखूड झाले. समोरच्या घरातली डॉना कुत्र्याला घेऊन फिरायची, तिनं एकदा आईला अंधारात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं जादा जाकीट घेऊन दारात उभी राहिली. नारिंगी, बिनबाह्यांचं, पुढून-मागून रुंद राखाडी पट्ट्या. दिवसा त्या पट्ट्या अगदी मळकट दिसायच्या. पण गाडीच्या दिव्यांचा झोत पडला की तो उजेड त्या आल्या दिशेनं परत पाठवत, आणि गाडी चालवणाऱ्याला लांबूनच माणूस पेटल्यासारखा दिसे.

आईनं ऐकून विश्वास ठेवला नाही. तिनं परीक्षा घेतली. मिलिंदला गाडीत बसवलं, दिवे लावायला सांगितले, आणि स्वतः रस्त्यानं चालत लांब गेली. साडी, त्यावर माझा जुना काळा कोट, पायात मिलिंदचे बर्फाचे बूट, आणि सगळ्यावर ते जाकीट.

‘दिसते का हो जावईबापू?’

‘दिसताय आई!’

‘आता?’

‘दिसताय! परत या, पुढे नागपूर लागेल!’

मैत्री दारातून ओरडली, ‘आजी, यू लुक लाइक अ ख्रिसमस ट्री!’ आई वळणावरून हात हलवत परत आली, ती इतकी खूश की त्या रात्री जेवतानाही तिनं जाकीट काढलं नाही. त्याला तिनं नाव ठेवलं ‘चमकी’. ‘माझी चमकी कुठंय?’ – रोज संध्याकाळी हे वाक्य. डॉनाकडून तिनं तसल्याच चमकत्या चिकटपट्टीचं एक वेटोळंही मिळवलं आणि मैत्रीच्या दप्तराला, बुटांना, टोपीला पट्ट्या लावून दिल्या. मैत्री वर्गात भाव खाऊ लागली.

तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. अजून नाही.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्या वर्षी उशिरा, नोव्हेंबरच्या अखेरीस झाला, कारण शाळेचा हॉल आधी मिळाला नाही. जेवणाच्या रांगेत सुलभाकाकू माझ्यापुढे होत्या. सुलभाकाकू म्हणजे मंडळातल्या सगळ्यांच्या काकू. नवीन आलेल्या प्रत्येक घरात पहिला डबा त्यांचा जायचा, माझ्याही घरात गेला होता. त्या वळून म्हणाल्या, ‘अगं, परवा तुझ्या आईला पाहिलं रस्त्याच्या कडेला! ते नारिंगी जाकीट, खाली साडी. मी ह्यांना म्हटलं, अहो, कौंटीनं आता रस्ते झाडायला आपल्याकडून बायका आणल्या की काय!’

आजूबाजूचे सगळे हसले. काकूही हसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. हायवेवर कचरा उचलणारे कामगार तसलीच जाकिटं घालतात; साडीवर ते गमतीदार दिसतच होतं. आई तिथे असती तर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली असती.

आणि मग म्हणाली असती – माझी आई झाडायची हो.

मला तेच ऐकू आलं. आई हॉलच्या दुसऱ्या टोकाला मैत्रीच्या वेण्या घालत बसली होती, तिनं एक शब्द ऐकला नव्हता, तरी मला तिचं ते वाक्य ऐकू आलं. मी काय केलं? मी हसले. ‘हो ना काकू, मी सांगून थकले तिला,’ असं म्हणाले. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कामावर जाताना मी चमकी खुंटीवरून काढली, गाडीच्या डिकीत जादा चाकाखाली दाबून ठेवली. संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, वॉशिंग मशीनमध्ये टाकली, पट्ट्या निघून आल्या, फेकून दिली. आईला वाईट वाटलं. ‘डॉनाला काय सांगू गं?’ म्हणाली. मी म्हटलं, मी सांगते. आणि मग – इथे मी थोडी थांबते – मग मी तिला माझी जाड पांढरी लोकरी शाल दिली आणि म्हणाले, ‘ही कोटावरून घे. पांढरं अंधारात दिसतं.’

आपल्याकडे हे सगळेच सांगतात. नागपूरच्या काळ्या डांबरी रस्त्यावर ते खरंही आहे. आईला लगेच पटलं. ‘खरंय, नाइट ड्यूटीला पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये मला कधी कुणी धडकलं नाही,’ म्हणाली. मलाही ते पटलं होतं का? पटवून घेतलं होतं. मी तेव्हा कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहायचे, यंत्र वापरताना काय सांभाळायचं याच्या सूचना लिहिणं हे माझं काम होतं. मला समजायला हवं होतं. त्या आठवड्यात बर्फ पडला.

ज्यांनी इथला हिवाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बर्फ काढणारी गाडी रस्ता मोकळा करते आणि सगळा बर्फ कडेला ढकलते. कमरेएवढा बांध तयार होतो. आमच्या बाजूला पदपथ नव्हता, त्यामुळे चालणाऱ्याला बांधाला चिकटून रस्त्यावरूनच जावं लागायचं. पांढऱ्या बांधाशेजारी, डोक्यावरून पांढरी शाल घेतलेली बुटकी बाई.

गाडी चालवणारी बाई कामावरून घरी निघाली होती. ती वेगात नव्हती. नंतर इस्पितळात ती रडत पोलिसाला सांगत होती ते मी स्वतः ऐकलं: ‘मला बर्फाचा ढीग दिसला. मग तो ढीग हलला.’

आईचं खुब्याचं हाड मोडलं. मी ऑफिसातून इस्पितळात पोचले तेव्हा ती तपासणीच्या खोलीत पडून होती आणि सलाईन लावणाऱ्या नर्सचे हात बारकाईनं बघत होती. मला पाहून म्हणाली, ‘पोरीचा हात हलका आहे.’ स्वतःचा पाय मोडलेला असताना. मी तिचा हात धरला. तो हात मला सोडवेना. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी समजू नये. प्रेम होतं आणि ते जाकीट माझ्याच गाडीत होतं, दोन्ही खरं.

पोलीस अधिकारी खोलीत आला. तरुण होता, अदबीनं बोलत होता. त्यानं मला विचारलं, तुमच्या आईंकडे रिफ्लेक्टर होता का, ते त्यांना विचाराल? मी मराठीत विचारलं. आई म्हणाली, ‘होता म्हणावं. धुण्यात खराब झाला. पोरीचा काही दोष नाही, तिनं मला शाल दिली होती.’

तो माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजीत म्हणाले: होता, पण ती घालायला विसरली.

एवढंच करायचं होतं. तिनं जे सांगितलं ते सांगायचं होतं. तेही खोटंच होतं, पण माझं होतं. मी ते तिच्या नावावर टाकलं. का? धुण्यात पट्ट्या निघतात का, असं तो विचारेल असं वाटलं? डॉना उद्या विचारेल, मिलिंद विचारेल, असं वाटलं? मला कारण शोधता येतं, मी बरीच शोधली आहेत. त्यातलं एकही इथे लिहीत नाही. चार वर्षं मी दुसऱ्यांची विधानं तपासून छापली. एका शब्दाचा फरक झाला तर वार्ताहराला पुन्हा फोन करायला लावायची. आणि माझ्या आईचं विधान मी तिच्या उशाशी उभी राहून बदललं.

अधिकाऱ्यानं मान हलवली, ‘असं होतं,’ म्हणाला आणि गेला. आई छताकडे बघत होती. तिला इंग्रजी समजत नाही, हे मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर मिलिंद मैत्रीला घेऊन आला. मैत्री पलंगाच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि तिनं तिच्या पद्धतीनं, भरभर, शब्द तोंडातच ठेवून विचारलं, ‘आजी, ममा सेड यू फर्गॉट युअर चमकी. डिड यू रिअली फर्गेट?’

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, ‘येस, बेटा. आय फर्गॉट. ओल्ड आजी, नो?’

मग तिनं मैत्रीला जवळ घेतलं. चार महिने त्या दोघी रोज दुपारी एकत्र होत्या, मैत्री इंग्रजीशिवाय उत्तर देत नसे, आणि मी कामावर असायचे. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याचा प्रयत्न केला असंही नाही. ती नातीच्या केसांतली पिन नीट लावत होती.

त्यानंतर तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. डॉना नवीन जाकीट घेऊन आली, तिला. सुलभाकाकू रोज पातळ मुगाची खिचडी घेऊन यायच्या, त्यांना. ‘विसरले हो बाई मी, वय झालं.’ काकूंना तिनं आजीच्या झाडूची गोष्टही सांगितली, खिचडी खाता खाता, मी स्वयंपाकघरात असताना. काकू म्हणाल्या, ‘धन्य आहे हो तुमच्या आईची.’ पुढच्या दिवशी खिचडी आली. मंडळात काही बदललं नाही. ज्याला घाबरून मी हे सगळं केलं होतं, ते घडून गेलं आणि त्याला एक वाटी खिचडी संपायला लागतो तेवढा वेळ लागला.

डिकीतलं जाकीट मी जानेवारीत ऑफिसच्या पार्किंगमधल्या कचरापेटीत टाकलं. आईनं वॉकरच्या चारही पायांना चमकत्या पट्ट्या चिकटवून घेतल्या आणि त्याच्यासह घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागली. मैत्री टॉर्च मारून तिला थांबवायची, सोडायची. दोघी हसायच्या. मी दारात उभी राहून बघायची.

तिला किती समजलं होतं? पोलिसापुढचं नक्की. डिकीतल्या चाकाखालचं – मला माहीत नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. आम्ही दर रविवारी फोनवर बोलायचो. मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

एप्रिलमध्ये ती नागपूरला परत गेली. ऑपरेशननंतर तिचा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड झाला होता. तिनं डाव्या चपलेला जादा तळ लावून घेतला आणि रोज संध्याकाळी पुन्हा फिरायला जाऊ लागली.