तिसरा खिळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बोलायला लागलो की तुम्हाला श्वास घ्यायला सवड मिळायची नाही. आयुष्यभर मी लोकांच्या चुका पेपरात छापल्या. ही माझी स्वतःची चूक. ती पेपरात कधी आली नाही. बोरिवलीतल्या एका भिंतीवर मात्र ती आजही टांगलेली आहे!

मी क्रीडा पत्रकार, शरीरसौष्ठवावर लिहिणारा. भांडखोर म्हणूनच ओळखला जातो, आणि त्याची मला लाज नाही. मुलुंडच्या नानांसाठी तर मी कुणाशीही भांडेन. नाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या व्यायामशाळेचे उस्ताद. नाना कामाला होते ती गिरणी बंद पडली, पण व्यायामशाळेतली त्यांची पाळी चुकली नाही. रोज संध्याकाळी मारुतीच्या तसबिरीखाली हजर. स्वतः कधी मोठा किताब जिंकले नाहीत. पण गुत्त्याकडे निघालेली किती पोरं त्यांनी मानगूट धरून डिप्स मारायला लावली! घरात बायकोवर हात उचलणाऱ्याला नानांच्या व्यायामशाळेत डंबेल उचलायला मिळत नसे. या खेळाला शरीर कुणीही देईल हो, वळण कुणी दिलं? नानांनी!

आणि आताच्या जिम? मी बोरिवलीच्या एका काचेच्या जिममध्ये गेलो होतो. भिंतीवर दोन परदेशी चॅम्पियन. एकेकाची मांडी माझ्या कमरेएवढी. पोरांना त्यांची नावं तोंडपाठ. नाना कोण, ते एकालाही माहीत नाही. मी पेटलो! पेपरात लेखच लिहिला, ‘तुमच्या भिंतीवर कोण आहे?’ त्या जिमचा हुकमी खेळाडू होता करण, त्यालाही झोडपलं.

त्याचा फोन आला. मला वाटलं, भांडेल. तर म्हणतो, “सर, नानांचा फोटो द्या ना, लावतो. तिसरा खिळा मोकळाच आहे.”

आता आली का पंचाईत? नानांचा फोटो माझ्याकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. नाना फोटो काढूच देत नाहीत. “देतो, देतो,” म्हणून मी फोन ठेवला आणि राग तेवढा सांभाळून ठेवला.

तो राग बाहेर पडला गेल्या हिवाळ्यात, उपनगरातल्या एका ‘श्री’ स्पर्धेत. शाळेचं मैदान, मंडप, ढोल. किताबाच्या फेरीत नानांचा चेला वसंत होता. पतपेढीतला कारकून, चाळिशीला टेकलेला. त्याच्याविरुद्ध करण आणि आणखी तीन गटविजेते. वसंतची बायको सुजाता माझ्या शेजारी बसली होती.

“भाऊजी, हे शेवटचं वर्ष हां,” ती म्हणाली. “त्यांनी मारुतीसमोर शपथ घेतलीय. किताब घेतला की थांबणार. लोकांच्या घरात डायनिंग टेबल असतं, आमच्याकडे बेंच प्रेस आहे! अंड्यांचं पांढरं ते खाणार, पिवळ्याचं काय करायचं ते मी बघायचं. स्नायू उठून दिसावेत म्हणून दोन दिवस पाण्याचा थेंब नाही त्यांच्या पोटात. बघवत नाही हो.”

“वहिनी, आज किताब आपलाच!” मी म्हणालो.

पाचही जण मंचावर आले. वसंत नुसता उभा राहिला आणि टाळ्या पडल्या. काय ते पोट! एकेक स्नायू पेन्सिलीने रेखल्यासारखा. सगळ्यांच्या पोझेस झाल्या. मुख्य पंचांनी माइकवरून वसंतला सांगितलं, “धन्यवाद, तुम्ही आत जा.” आणि करणला व दुसऱ्या एकाला पुढे बोलावून पुन्हा तुलना सुरू केली.

माझं डोकं फिरलं. आमच्या माणसाला आत हाकललं? स्पर्धेतूनच बाद?

इथे एक कबूल करतो. मी या खेळावर इतकी वर्षं लिहिलं, पण मुलाखती घेऊन. स्पर्धा शेवटपर्यंत बसून कधी पाहिलीच नव्हती. पेपरचं पान लावायची घाई असायची, निकाल फोनवर घ्यायचो.

“वहिनी, हा अन्याय आहे!”

“भाऊजी, बसा ना जरा. मला वाटतं...”

वाटतं काय! मी समोरच्या टेबलावर चढलो. मूठ उगारली. “परदेशी पोस्टरवाल्यांना किताब, आणि मराठी व्यायामशाळेला दरवाजा?” मागून शिट्ट्या आल्या. मुलुंडची पोरं उठली, बोरिवलीची उठली. ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ढोल सुरू केला! मला आणखी चेव चढला. नानांचं आयुष्य, गिरणी, मारुती, सगळं सांगितलं. भाषण फर्मास झालं. अर्धा तास मंडप नुसता गाजत होता.

शेवटी मुख्य पंच हात जोडून उभे राहिले. “पेपरवाल्यांना आमच्यावर विश्वास नाही ना? ठीक आहे. आधीचे गुण रद्द. पाचही जणांची तुलना पुन्हा, सगळ्यांसमोर.”

मी विजयी मुद्रेने खाली उतरलो. सुजाता कपाळाला हात लावून बसली होती.

पडदा सरकला. चौघे आले. मग वसंत आला. म्हणजे वसंतसारखाच दिसणारा कुणीतरी आला. ते रेखीव पोट कुठे गेलं? समोर मंगलकार्यातून जेवून आल्यासारखं गोल पोट! पोझ देताना तो श्वास आत ओढायचा, पोट ऐकायचं नाही. त्यात त्याला ढेकर आली. पहिल्या रांगेला ऐकू गेली.

किताब करणला मिळाला.

मी मंडपाच्या मागे धावलो. नाना खुर्चीवर बसले होते. बाजूला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि मिसळीच्या पुसून खाल्लेल्या प्लेटी.

“नाना, हे काय? वसंतने स्पर्धा संपायच्या आधी खाल्लं?”

“मेल्या पेपरवाल्या,” नाना शांतपणे त्यांच्या मालवणीत म्हणाले, “तो जिंकललो रे! पयलो नंबर ठरलो म्हणान तेका आत धाडल्यानी. दुसऱ्या नंबराची तुलना चालू होती. मीच तेका म्हटलंय, पी आता पाणी, खा पोटभर.”

नाना ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले, वसंतच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “उद्या सांजेक ये. पायांपासून सुरू करूया.”

वसंत मला म्हणाला, “जाऊ द्या हो, दादा. मिसळ एक नंबर होती.” पण तो माझ्याकडे बघत नव्हता. किताबाशिवाय थांबायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं.

सुजाता मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. “आणखी एक वर्ष, भाऊजी. पिवळे बलक आता तुमच्याकडे पाठवते.” खरंच पाठवते हो! दर रविवारी डबा येतो. माझं कोलेस्टेरॉल वाढलंय, पण तक्रार कुठल्या तोंडाने करू?

मध्यंतरी करणने बोलावलं म्हणून जिममध्ये गेलो. भिंतीकडे पाहिलं आणि थबकलो. दोन परदेशी चॅम्पियन, आणि तिसऱ्या खिळ्यावर मी! टेबलावर चढलेला, मूठ उगारलेली, शर्टाची बाही वर सरकलेली, आणि त्यातून बाहेर आलेला माझा दंड, शेवग्याच्या शेंगेसारखा.

“अरे, इथे नानांचा फोटो लावायचा होता ना?”

“नाना देत नाहीत ना सर. आणि मला किताब तुमच्यामुळेच मिळाला.” तो मनापासून बोलत होता, हेच जास्त लागलं. “पोरांना खूप फायदा होतो बघा.”

मी जरा सुखावलो. शेवटी माणूसच आहे. “लेख वाचून दाखवतोस वाटतं?”

“नाही सर. कुणी जिम सोडायचं म्हणालं, की तुमच्या दंडाकडे बोट दाखवतो.”