गाठ चांगली आहे, ठेवून घ्या

दवाखान्याची गोष्ट म्हटली का तुम्ही आधी रुमाल काढता. राहू द्या खिशात. यात माय मरत नाही. डॉक्टर देव निघत नाही. शेवटी कोणी भला माणूस येऊन पाठीवर हात बी ठेवत नाही. मी नकला करणारा पोट्टा आहो, म्हणून तुम्हाले वाटंन का हसवंन. हसवीन ना. पण हसून झालं का कोणाले हसलो ते एकदा पाहून घेजा.

साहेबानं माह्या मायच्या हातावर चापट मारली.

जोरात नाही. लहान पोरगं साखरेच्या डब्यात बोट घालते आन् घरची बाई मारते, तशी. टप्. सगळ्या हॉलनं ऐकली.

हॉल म्हणजे आमच्या दवाखान्याच्या इंटरनॅशनल विंगचा. वरचा मजला, गालिचा, एसी असा का दात वाजले पाहिजे. समोरच्या रांगेत परदेशातले पाहुणे डॉक्टर. ते तिकडून पेशंट पाठवतेत, म्हणून त्यायची सरबराई. मधात व्हीलचेअरवर माही माय, गळ्यावर लिंबाएवढी नाही, चांगली संत्र्याएवढी गाठ घेऊन. आन् व्हीलचेअरच्या मागं मी, ढकलणारा.

मायनं केलं काय? एका पाहुण्या डॉक्टरीणबाईच्या खांद्यावर जाड विणीचं, रुंद काठाचं कापड होतं. बाई जवळ आली, वाकली, मायचा गळा पाहू लागली. मायनं त्या कापडाचा कोपरा चिमटीत धरला. बस. आम्ही उमरेडचे विणकर. आमच्या घरी कापड दिसलं का आधी बोट जाते, मंग डोळा. माग कवाचा विकला, बाप आता कळमन्याच्या बाजारात पोती उचलते, पण खोड गेली नाही. माय मयतीले गेली तरी कफनाचं कापड चिमटीत धरून पाहते. तिले अक्कल सांगाची नसते. हातच जाते.

"डोंट टच, मावशी. हात खाली," साहेब म्हणे. मंग बाईकडे वळून, "सॉरी मॅडम. व्हिलेज पीपल."

आता हे ध्यानात घ्या. त्या दिवशी सकाळपासून मायच्या गळ्यावर एवढे हात फिरले होते का मोजाले गेलो असतो त गाठीपेक्षा माहं डोस्कं सुजलं असतं. एकानं विचारलं नाही. एकानं सॉरी म्हटलं नाही. तिनं एक कोपरा धरला.

मी हासलो नाही. सवयीनं तोंड उघडलं होतं. मंग मिटलं.

आता मी तिथं कसा, हे सांगतो.

शाळेत मी हेडमास्तरची नक्कल करे. त्याचा मार खाल्ला. मार खाताखाता मारणाऱ्याची नक्कल केली, त्याचा वेगळा खाल्ला. मंग नागपूरले आलो, बेस्याले मित्रासंग खोली घेतली आन् या दवाखान्यात लागलो. मोठं प्रस्थ. कॉलेज, युनिव्हर्सिटी, दवाखाना एकाच आवारात. दारं दोन. एका दारातून आपण जातो, चिठ्ठी धरून, डबा धरून, म्हातारं धरून. दुसरं दार काचेचं. तिथं कोणी गेलं का दारच बाजूले होते. तिथून परदेशी पेशंट.

माहं काम काचेच्या दारावर. खुर्ची ढकलाची, सामान न्याचं, नातेवाइकायले धरमपेठेत खरेदीले फिरवाचं. ओमानच्या म्हाताऱ्यापासून दुआ-सलाम शिकलो, केनियाच्या आजीपासून तिच्या भाषेत 'झोप लागली का' म्हणाले शिकलो. त्यायच्या बोलण्याचा सूर मी असा पकडे का ते आजारपण विसरत. साहेब खूश. साहेब म्हणजे विंगचे मुख्य, सर्जन बी तेच. पॅन्ट्रीत चहा पिताना म्हणत, "चल, जनरल वॉर्ड कर."

मी करे. "डाक्टरसाहेब, मले भूकच नाही लागून राहिली जी." लोक कप खाली ठेवून हासत. मले वाटे, वा, आपण कलाकार.

मंग मायच्या गळ्याची गाठ वाढली. आधी ती पदराखाली झाके. पदर पुरे ना तवा मी तिले घेऊन आलो. आपल्या दारातून. साहेबानं मागं उभं राहून गळा चाचपला आन् शिकाऊ डॉक्टरायकडे पाहून म्हणे, "गाठ चांगली आहे. ठेवून घ्या."

माय मले हळूच म्हणे, "गाठ चांगली कशी असते गा?"

मी म्हटलं, "डॉक्टरायची बोलाची रीत असते."

पण मनात खुटखुट झाली. आमच्या घरी एक शिकवण हाये. व्यापारी आला आन् दारातच चहा-पाणी विचारू लागला, पोरायच्या हातावर गोळ्या ठेवू लागला, का समजाचं, आपलं विणलेलं थान हा भाव पाडून मागणार. साहेबानं मायले खिडकीजवळची खाट देली. जेवणासंग सफरचंद. मी सफरचंदाकडे पाहत राह्यलो. हे काहून?

मंग पाणी सुरू झालं.

गळ्याची गाठ तपासताना पेशंटले पाणी गिळाले लावतेत. गिळताना गाठ वरखाली होते, ते हातानं पाहाचं असते. तर रोज सकाळी पोट्टे-पोट्ट्यायचा घोळका येई. एक मागं उभा राही, गळ्यावर दोन्ही हात. "पाणी गिळा, मावशी." गिळली. दुसरा. "पाणी गिळा, मावशी." गिळली. घोळका संपेपर्यंत मायचं पोट घागर. मंग लघवीले जावं त म्हणत, थांबा, सर येऊन राहिले.

मले म्हणे, "गाव तिकडं पाण्यावाचून राहते, आन् मी एकटी पिऊन राहिली."

मी हासलो. तीही हासली. पण ऑपरेशन काही होत नव्हतं. सोमवारी करू. सोमवारी म्हणे, रिपोर्ट यायचाय. रिपोर्ट आला, म्हणे, भूल देणारे सुट्टीवर. पण बाजूच्या खाटेवरची बाई मायच्या मागून आली. तिची गाठ लहान, बोराएवढी. तिचं झालं, टाके सुकले, डबा उचलून घरी बी गेली. भूल तिले कोणी देली मंग?

वॉर्डातली सिस्टर चांगली होती. तिले विचारलं. ती सुई भरत होती. मान वर न करता म्हणे, "पाहुणे येऊन राहिले ना वर. दाखवाले काही लागते का नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी काही बोलली नाही. जा तू."

मी साहेबाकडे गेलो. ते गोड हासले. "अरे, कार्यक्रम झाला की पहिला नंबर तिचाच. माझ्यावर विश्वास नाही का?"

नव्हता. पण गाठ मायच्या गळ्यात, चाकू त्यायच्या हातात. मी म्हटलं, "हाये ना साहेब."

असे आम्ही त्या हॉलमंधे आलो. साहेब इंग्रजीत बोलत होते. मले इंग्रजी बोलता कमी येते, समजते बरंच. परदेशी लोकायसंग राहून कान तयार झाला. साहेब पडद्यावर चित्र दाखवत होते, का गाठीला लागून आवाजाची नस असते. गाठ मोठी असली का धोका. नस दुखावली त आवाज बसू शकते, कधी कायमचा. आन् मंग हात छातीवर ठेवून म्हणे, आम्ही प्रत्येक पेशंटला हे आधी समजावून सांगतो, त्याशिवाय हात लावत नाही.

मी खुर्चीचा दांडा सोडून मायच्या बाजूले आलो.

मी वाकलो. "माय, आवाजाचं काही सांगतलं का तुले कोणी?"

"कोणत्या आवाजाचं?"

तेवढ्यात ती बाई जवळ आली, वाकली, मायचा हात कापडाकडे गेला आन् ती चापट.

हॉल जरासा अवघडला. साहेबाले ते समजलं. वातावरण हलकं कराले त्यायनं माह्याकडे बोट केलं. म्हणे, हा आमचा कलाकार. आमचे गावाकडचे पेशंट तक्रार कशी सांगतात, हा हुबेहूब करतो. मंग मले मराठीत, "चल, मावशी कर. उमरेडवाली. मी भाषांतर करतो."

मावशी कर.

मावशी समोर बसून होती. जिवंत. तोंड असलेली. तिले विचाराचं सोडून मले म्हणून राहिले, ती कर.

मी गळा साफ केला. पाहुणे मोबाईल काढून तयार. आन् मी साहेब केला.

आधी काचेच्या दारातला साहेब. पाठीत किंचित वाकून, दोन्ही हात एकमेकात, आवाजात मध. "गुड मॉर्निंग, मादाम. झोप झाली ना नीट? आपली परवानगी असेल तर जरा बघू का?" मंग लगेच, तिथंच, पाय न हालवता जनरल वॉर्डातला साहेब. मान ताठ, डोळे मोबाईलवर, बोट हवेत. "ए मावशी. पदर काढ. पाणी गिळ. पुढची." परत मध. परत बोट. मध. बोट. थांबता येत नव्हतं. शेवटी टेबलावर टप् करून चापट मारली आन् साहेबाच्या आवाजात म्हटलं, "आम्ही प्रत्येक पेशंटला समजावून सांगतो."

एक पाहुणा टाळ्या वाजवू लागला. त्याले वाटलं हाच कार्यक्रम हाये. दोघं-तिघं बी वाजवू लागले. कापडवाल्या बाईनं नाही वाजवली. ती साहेबाकडे पाहे, मायकडे पाहे. तिले समजलं का नाही, मले आजही शंका हाये. मी माह्या फुटक्या इंग्रजीत तिले सांगतलं का ही माही माय हाये, आन् आवाज जाऊ शकते हे तिले कोणीच सांगतलं नाही.

टाळ्या थांबल्या. मी खुर्ची फिरवली आन् बाहेर निघालो.

लिफ्टपाशी साहेब मागून आले. तिथं त्यायचा तिसरा आवाज ऐकला. ना मध, ना बोट. एकदम बारीक.

"उद्या पहिली होती तुझी आई. आता बघ."

"पहिली होती त इतके दिवस ठेवली कशाले साहेब?"

"कार्ड दे."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून देलं.  पण एक गोष्ट तिथं पक्की झाली. नक्कल करीन त वरच्याची. खालच्याची नाही. कोणी चहा पाजो, पगार देवो, पाठ थोपटो, नाही.

साहेब परत हॉलमंधे गेले. मले वाटलं माय आता डोक्यावरून हात फिरवन. निदान रडन तरी.

"थांबव गाडी," माय म्हणे. "नोकरी गेली?"

"गेली."

"अशी छाती कायले फुगवून राहिला मंग? काय जिंकून आणलं?"

"माय, त्या साहेबाचं सोंग उघडं पाडलं ना. सगळ्यायसमोर."

"आन् मी काय करत होती तवा?"

मी लिफ्टचं बटण दाबलं.

"बसून होती मी. त्याच्यापुढं बसून, तुह्यापुढं बी बसून. तो माह्यावर इंग्रजीत बोलला. तूही त्या बाईले इंग्रजीतच सांगतलं. आवाज माहा, गळा माहा, आन् सगळ्या हॉलले मालूम, मले नाही. मले मराठीत कवा सांगणार होता? गळा कापल्यावर?"

"मी तुह्यासाठीच—"

"माह्यासाठी नको करू. मी मेली नाही अजून. आता सांग. जाते का आवाज?"

"जाऊ शकते म्हणते. जाईनच असं नाही."

मायनं पदर घेतला, गळ्याभोवती घट्ट गुंडाळला, खोचला.

"वळव."

"घरी?"

"घरी कायले? हॉलमंधे. पाहुणे अजून तिथंच असतीन. त्यायच्यासमोर विचारतो मी त्याले. कवा कापणार, आवाजाचं काय, आन् नाही कापत त तोंडानं सांग, मी दुसरीकडं जातो. तोवर या गळ्याले कोण्या पोट्ट्याचा हात लागणार नाही. पाणी बी नाही गिळत मी कोणाच्या सांगण्यावर."

"माय, तो ऐकणार नाही. इंग्रजीत फिरवून टाकन. मी बोलतो तुह्याकडून, तू फक्त—"

"तोंड आवर. 'हात खाली' म्हणाची वेळ आली तवा बरोबर मराठी आली त्याले. शाळा शिकवली तुले, नकला शिकवल्या, हे नाही शिकवलं का कोणी, का माय बोलून राहिली त मधात बोलू नाही? मागं उभा राहाय. एक शब्द काढू नको. काय पाहून राहिला असा? ढकल."