पाईप पान्याचे दात

लातूरजवळच्या मुरुडला आमच्या गॅरेजात मी आता पान्याला हात लावत नाही. लोक समजतात पोरानं माझं काम बंद केलं. पोराची काय टाप आहे. मीच बंद केलं, माझ्या तोंडानं. ते कसं झालं ते लिहून ठेवतो, कारण पोरगं ही गोष्ट सांगताना माझ्यावर पांघरूण घालतं आणि ते मला खपत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर जसं येईल तसं वाचा.

गेल्या साली खंडेनवमीला सकाळीच एक सर गाडी घेऊन आले. झेडपीच्या शाळेत मास्तर आहेत, जुनं गिऱ्हाईक. दसऱ्याला बहिणीकडं, नांदेडच्या पुढं हिमायतनगरला जायचं होतं, म्हणून इंजिन ऑइल बदलून पाहिजे होतं. माझं पोरगं, चाळिशीचा बाप्या, त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, ऑइल चेंबरच्या बुडाचा बोल्ट काढला, जुनं ऑइल ट्रेत सोडलं आणि अंघोळीला गेला. येऊन त्यानं गॅरेजातले झाडून सगळे पाने डिझेलनं धुतले, पाटावर मांडले, भस्म लावलं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की गाडीचा बोल्ट बाहेरच आहे.

पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. माझ्या बापानं तिफण-कुऱ्हाड मांडली तवाही हेच, मी पाने मांडतो तवाही हेच. पोरगं सरांना म्हणालं, उद्या दुपारी गाडी न्या. सरांचं तोंड उतरलं. मला राग आला. गिऱ्हाइकाची गाडी उघडी करून देवाचं नाव पुढं करायचं, ही कुठली रीत? बोललो तर तो म्हणाला, रीत तुमचीच हाय की, आप्पा. आणि निवद आणायला घरी गेला.

मग मी समोरच्या नळवाल्याकडं गेलो. त्याची पूजा संध्याकाळची, त्याची हत्यारं मोकळी होती. त्याच्याकडं बोल्टाला बसंल असा रिंग पाना नव्हता. पाईप पाना होता, दातेरी जबड्याचा, हातभर दांड्याचा. तो घेऊन मी खड्ड्यात उतरलो. बोल्ट बोटानं लावला, मग पान्यानं आवळला. आयुष्यभर मी जीपा आणि ट्रॅक्टर आवळले. त्यांचं चेंबर लोखंडी, दोघं लोंबकळले तरी ते हूं करत नाही. ह्या नव्या गाड्यांचं चेंबर अल्युमिनचं. आमच्याकडं त्याला जर्मन म्हणतात, ताटल्या-पातेल्याचं जर्मन. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दांडा लांब होता आणि डोक्यात पोरगं होतं.

शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला बोल्ट हलका लागला. नवी वायसर दबली असंल, असं मी मनाशी म्हणालो. ऑइल भरलं, गाडी दिली. पोरगं निवद घेऊन आलं तवा खड्डा रिकामा होता. त्यानं मला काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पूजेला आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो.

दसरा होऊन आठ दिवस झाले आणि सर परत आले. त्यांच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर ताटाएवढा काळा डाग पडला होता. वाटेत ऑइलचा दिवा लागला नाही, इंजिन वाचलं, पण डागावरून घरात बायको बोलून राहिली म्हणाले. पोरगं खड्ड्यात उतरलं, बोल्टाला पाना लावला आणि वर बघितलं.

"आटे गेलेत, आप्पा. बोल्ट नुसता फिरून राहिलाय. शेवटाला कुणी आवळला हुता?"

चहावाला होता, टायरवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. चार माणसांत बापाला असं विचारतात? मी म्हणालो, सरांनी नांदेडकडं कुठंतरी खोलायला लावला असंल. सर गरीब माणूस. ते म्हणाले, मिस्त्री, मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. टायरवाला हसला. तो हसला नसता तर पुढचं मी बोललोही नसतो.

"माझ्या हातानं ह्येचे आटे गेले असतील," मी म्हणालो, "तर ह्या गॅरेजातल्या एका पान्याला पुन्हा शिवणार न्हाई."

 पोरगं चेंबर बदलायच्या गोष्टी करायला लागलं, लातूरहून मागवायचं, तीन दिवस. मी त्याला बाजूला सारलं. आटे गेले म्हणून अख्खं चेंबर फेकायचं, हे ह्यांचं शिक्षण.

खड्ड्यात मी एकटाच उतरलो. ऑइल काढायचं तर बोल्ट आधी निघायला पाहिजे, आणि आटे गेलेला बोल्ट सुखासुखी निघत नाही. टोप्याच्या, म्हणजे बोल्टाच्या डोक्याच्या, मागं पेचकस घालून ओढत ओढत फिरवला. निघाला तो जर्मनच्या चकचकीत तारा अंगाला गुंडाळूनच. कापडानं पुसला आणि उजेडाला धरला. टोप्याच्या सहाही कडांवर दात उमटले होते. आमच्या गॅरेजात असे दात पाडणारं हत्यार नाही.

वरती पोराचे पाय दिसून राहिले होते. बोल्ट मी बंडीच्या खिशात घातला.

मग काम केलं. आणि काम मी असं केलं की लातूरच्या कुठल्याही कारखान्यात दाखवा. भोक एक नंबर मोठं केलं, सरळ. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे जर्मनचा किस ग्रीसला चिकटतो, इंजिनात जात नाही. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, दर दोन फेऱ्यांना टॅप बाहेर काढून पुसायचा. घाई केली की टॅप आतच मोडतो. पेलाभर ऑइल वरून ओतून उरलासुरला किस खाली पाडला. एक नंबर मोठा बोल्ट, तांब्याची नवी वायसर. आखूड पान्यानं, मनगटाच्या जोरावर आवळला. ऑइल भरून गाडी तासभर चालू ठेवली आणि खाली कोरा पेपर अंथरला. पेपर कोराच राहिला. पोरानं स्वतः वाकून बघितला.

आता एक कायदा आमच्या गॅरेजात मीच घातलेला. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बदललं म्हणून थापा मारणारे लई असतात, म्हणून हा कायदा. पोराला मी ह्या कायद्यावरून दोनदा गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं.

सरांनी काही मागितलं नाही. पोरगं म्हणालं, "आप्पा, जुना बोल्ट?"

हरवला म्हणता आलं असतं. खड्ड्यात ऑइलची ट्रे होती, पडला म्हणता आलं असतं. मी खिशातून काढला आणि सरांच्या हातावर ठेवला. सरांनी उलटापालटा केला, टोप्यावरून बोट फिरवलं, आणि हे खडबडीत कशानं झालं म्हणून विचारलं.

 पोरानं समोरच्या नळवाल्याच्या दुकानाकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याला सगळं कळलं आणि तो बोलला नाही, ह्याचाच मला जास्त राग.

"पाईप पान्याचे दात हायेत, सर," मी म्हणालो. "मी लावला हुता."

सर गेल्यावर पोरगं जवळ आलं. म्हणालं, राहू द्या, रागात माणूस बोलतो, शपथ थोडीच असते ती. आणि आटे तुम्हीच बसवलेत की.

"तू मला माफ करणारा कोण?" मी म्हणालो. "माझा बाप हायेस का?"

तेव्हापासून मी दारात खुर्ची टाकून बसतो. पोरानं आता कट्‌ आवाज करणारा पाना आणलाय. मापात आवळलं की कट्‌ वाजतं, म्हणजे हाताला अक्कल नसली तरी चालतं. मी बसल्या जागेवरून शिव्या घालतो. शिव्या घालणार नाही असं मी बोललो नव्हतो.

ह्या साली खंडेनवमीला त्यानं सकाळची एकही गाडी घेतली नाही. पाने मांडले. माझा जुना रिंग पाना मधोमध ठेवला, फुलं त्याच्यावरच जास्त. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढं केलं. पूजेत पान्याला बोट लागतंच, म्हणून मी चिमूट लांबूनच टाकली. अर्धी पाटावर पडली, अर्धी फरशीवर.

पाना उलटा ठेवलाय, एवढं मात्र त्याला सांगितलं. त्यानं तो सरळ केला.