भरवशाची डिस्क

माझ्या भावाला लोक आजही दिलदार माणूस म्हणतात. म्हणोत बापडे. त्यानं कोणाचं काय देऊन टाकलं, ते मला ठाऊक आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होते आणि सुट्टी लागली की धुळ्याहून जळगावला घरी यायचे. भाऊ माझ्याहून मोठा. घराच्या पुढच्या खोलीत त्यानं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान टाकलं होतं. उरलेल्या सुट्या भागांतून त्यानं मला एक मशीन जोडून दिलं आणि आई-वडिलांसमोर म्हणाला, "हे तुझं. याला कोणी हात लावणार नाही." मी आठवडाभर हवेत होते.

एका मासिकासोबत लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी मिळाली होती. ती आम्ही दोघांनी मिळून त्या मशीनवर चढवली. मी सूचना वाचायची, तो की दाबायचा. डिस्कचे भाग पाडले तेही त्यानंच. मला त्यावर सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायची होती. वडील दालमिलमध्ये नोकरीला, त्यांना समजेल असं सांगितलं, "नाना, मूळ प्रोग्राम म्हणजे पोत्यातली अख्खी तूर. ती भरडून, पाखडून, पिशवीत भरून द्यायची. घेणाऱ्यानं नुसती पिशवी फोडायची." नाना हसले. "म्हणजे घरातच मिल टाकली म्हण की," म्हणाले.

ती मिल उभी राहता राहता मात्र नाकी नऊ आले. एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार जोडभाग, हवी म्हणून बसवावी, तर ती दुसरीच मागायची. दुसरी आणावी, तर तिला पहिलीची जुनी आवृत्ती हवी. बांधणी शेवटाला यावी आणि वीज जावी, हे तर नेहमीचंच. उन्हाळ्यात मशीनची एक बाजू उघडी ठेवून समोर कूलर लावायची, आणि घामाघूम होऊन मी मागे बसायची. आई म्हणायची, पोरीपेक्षा डब्याचेच लाड जास्त. पण शेवटी मशीन सुधारलं. सांगू ते बांधून द्यायला लागलं, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पुण्यातली काही मंडळी कॉलेजांना वाटण्यासाठी लिनक्सची सीडी काढणार होती. पडद्यावर मराठी दाखवणारा एक प्रोग्राम मी हाती घेतला होता. त्यात जोडाक्षरं तुटायची, ती मी सांधत आणली होती. पुण्याहून निरोप आला: आखाजी झाली की पॅकेज घेऊन या, चाललं तर सीडीत घालू, आणि परीक्षा झाल्यावर आमच्याकडेच कामाला या. हे सगळं बोलणं भावाच्या दुकानातल्या फोनवरून झालं होतं, तो समोर बसलेला असताना. त्यानंच पेढे आणले होते.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, त्यांचे लाड होतात. माझं लग्न झालेलं नव्हतं, पण मी धुळ्याहून आले तर त्या वर्षी लाड माझेच. आईनं खापरावरचे मांडे केले होते, आमरस होता. मी बॅग टाकून पुढच्या खोलीतल्या माझ्या मशीनकडे निघाले, तर तिनं हात धरून पाटावर बसवलं. ती धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. "आधी जेवी ले माय, बठ्ठं थंडं व्हई जाई." नाना ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढत होते. मी पोटभर जेवले. किती हौसेनं जेवले, हे आठवलं की अजून अंगाची लाही होते.

जेवून मशीन सुरू केलं. पडद्यावर एकच ओळ आली, डिस्क नाही. उघडून पाहिलं तर जागा रिकामी, वायर लोंबकळत होती.

भाऊ म्हणाला, "सराफ बाजारातल्या सोनारांना आखाजीच्या आत मशीन द्यायचं होतं. मुंबईहून डिस्क आलीच नाही. आणि विंडोजमधून पाहिलं तर तुझी रिकामीच दिसत होती."

लिनक्सचं काही विंडोजला वाचताच येत नाही, ती रिकामीच दिसणार, हे त्यालाही माहीत होतं. भाग त्यानंच पाडले होते.

"माझं काम होतं त्यावर, भाऊ."

"अगं, फुकटचंच तर होतं सगळं. फुकट आलं, परत फुकट बनव."

मी आईकडे पाहिलं. ती ताटं उचलत होती. "तुना भाऊना धंदा शे, माय. तू काय, उद्या सासरी जाशी." नानांनी मान खाली घातली. तेव्हा कळलं, मी पाटावर बसले तेव्हा घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. डिस्क एकट्या भावानं नेली असेल, पण मला फसवलं तिघांनी.

माझ्याकडच्या फ्लॉप्यांवर सुरुवातीचं काम होतं, जोडाक्षरांचं नव्हतं. काही वाचवता आलं तर बघावं म्हणून तशीच सोनारांच्या दुकानात गेले. सोनं घ्यायला झुंबड उडालेली. माझी डिस्क असलेलं मशीन गल्ल्याशेजारी, त्याला हार घातलेला, कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, आणि त्यावर धडाधड बिलं निघत होती. पुसून, नव्यानं भरून, कामाला लागलेलं. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हातारे शेठजी मला बघून उठले. "या ताई, तुम्हीच ना त्या? तुमचा भाऊ म्हणाला, डिस्क वापरलेली आहे, पण बहिणीनं वर्षभर स्वतः चालवून पाहिली आहे. म्हणून तर घेतली आम्ही." मग जरा खाली वाकून त्यांनी विचारलं, "भरवशाची आहे ना?"

भाऊ माझ्या मागोमाग आला होता. दारात उभा होता, माझ्याकडे बघत.

"हो," मी म्हणाले, "भरवशाची आहे."

सीडी माझ्या पॅकेजाशिवाय निघाली. पुण्याहून पुन्हा निरोप आला नाही. शेठजींनी मात्र त्या एका शब्दावर अख्ख्या सराफ बाजाराला मशीनं माझ्या भावाकडूनच घ्यायला लावली.