दोन पौंड जास्त

माझं डोकं लवकर तापतं. पण त्या दिवशी बोलायची वेळ आली तेव्हा मी मुक्यासारखा उभा राहिलो.

बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही विद्यार्थ्यांनी शर्यतीची फॉर्म्युला गाडी बांधली होती. स्पर्धेत ती कोण चालवणार, हे त्या सकाळी मैदानावर ठरणार होतं. पहिली संधी माझ्या वर्गातल्या इंदापूरच्या मुलीला. ती चुकली तर टीमचा कॅप्टन स्वतः बसणार. टायर मऊ रबराचे लावले होते. ते पकड चांगली धरतात, पण लवकर झिजतात, म्हणून वीस फेऱ्या पुरवून चालवायचे. हवा भरायचं काम माझं.

सहाव्या फेरीपासून गाडी वळणावर मागून घसरायला लागली. दहाव्या फेरीला गर्रकन फिरून गवतात गेली.

"हिला वळणच कळत न्हाय," कॅप्टन तिच्यावर खेकसला. "उतर. मी बसतो."

मी टायरला हवा मोजायचं गेज लावलं. काटा बराच वर गेला होता. सणसरला आमच्या घरी ऊस वाहायचा ट्रॅक्टर आहे. ट्रॉली भरायच्या आधी आबांचा एकच हुकूम, "हवा दोन पौंड जास्तच मार." हाताला तीच सवय. जास्तीची हवा, वरून ऊन आणि पळाल्यानं आलेली गरमी. टायर फुगून दगड झाले होते. पकड राहणार कुठून?

कॅप्टन बोलत होता, ती हेल्मेट हातात धरून ऐकत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर तिथंच उभा होता. मला माझीच लाज वाटली.

"तिची चूक न्हाय!" मी शेवटी ओरडलो. "हवा मी जास्त भरली."

"ट्रॅक्टरवाला! हो बाजूला." कॅप्टननं गेज हिसकावून स्वतः हवा उतरवली. "बस गं. उरलेल्या दहा फेऱ्या. आता घसरलीस तर सीट माझी."

ती बसेना. "आधी ह्याला बघू दे."

"अगं, ह्यानंच घाण केलीय!"

"व्हय, म्हणूनच. आता ह्यो चारदा बघंल. तू एकदाच बघितलंय."

मी चारदा बघितलं. मागच्या डाव्या टायरात अर्धा पौंड जास्त राहिला होता, तो काढला.

दहा फेऱ्या मी त्या एका टायरवरून नजर हलवली नाही. गाडी एकदाही घसरली नाही. सीट तिची झाली.

गाडीतून उतरल्या उतरल्या ती सरळ माझ्याकडं आली.

"गेज लावल्या लावल्या कळलं हुतं ना तुला? मग मला एवढं ऐकून का घ्यायला लावलंस रं?"