चेहरा बघणाऱ्या सिस्टर

मार्गासनीच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं टक लावून बघायच्या. मला अवघडल्यासारखं व्हायचं. कोरोनात त्या घरोघरी ताप मोजत फिरायच्या. आमच्या दारात आल्या आणि थर्मामीटर बाजूला ठेवून माझ्या पाच वर्षांच्या लेकीकडं बघत राहिल्या.

"डोळे कधीपासून सुजलेत?"

"झोप लई झाली असंल," मी म्हणालो.

त्यांनी तिची लघवी काचेच्या नळीत तापवली. ती दुधासारखी पांढरी झाली.

"किडनीचं दुखणं वाटतंय. आजच पुण्याला न्या."

"तितं कोरोना हाय. न्हाई नेणार."

त्यांनी वाद घातला नाही. टेम्पो बोलावला आणि लेकीला मांडीवर घेऊन बसल्या. मग मलाही चढावं लागलं.

पुण्याच्या दवाखान्यात उपचारानं हळूहळू सूज उतरली. डॉक्टर मला म्हणाले, "वेळेवर आणलंत."

लेकीला बघायला आलेल्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्या लेकीच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मी मान डोलावली.