चाचांचा त्र्याण्णवावा ठोकळा

माझ्या मित्राच्या चाचांइतका हट्टी माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी लाठ्या खाऊनही मागे न हटणाऱ्यांत रोज ऊठबस असताना सांगतो. जुन्या जालन्यात ते शाळेत गणित शिकवत आणि घरी पुठ्ठ्याचे ठोकळे करत. कापडाच्या ताग्यांतला पुठ्ठा दुकानांतून मागून आणायचा, त्याचे सारख्या कडा-कोनांचे त्रिकोण, चौरस, पंचकोन कापायचे, त्यांचे ठोकळे करायचे आणि मग ठोकळ्याला ठोकळा जोडायचा. पेटीवर मनोरा, मनोऱ्याखाली उलटा मनोरा. अट एकच: कुठे आत खड्डा पडता कामा नये. पाहुणा आला की आधी ठोकळे उचलावे लागत, मग पाहुणा बसे. चिकटवायला कणकेची खळ. आमच्या चळवळीची पत्रकं भिंतीवर डकवायलाही तीच लागे; ती मागायला मित्राबरोबर गेलो, तिथून आमची ओळख. चाची ओरडायच्या, "एक भिंतीला लावून राह्यला, एक पुठ्ठ्याला. मंग मी रोट्या काय मातीच्या करू?"

असे जोडठोकळे जगात ब्याण्णवच, हे परदेशी विद्वानांनी सिद्ध केल्याचं एका प्राध्यापकानं चाचांना सांगितलं. माझं डोकंच फिरलं. यादी बंद करणारे हे कोण? कुणाला विचारून? 'जागा भरल्या' हे उत्तर आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय! चाचांची निवृत्ती तोंडावर आली होती. त्याआधी आपलं नाव कुठेतरी लागावं, एवढीच त्यांना आस. त्यांनी ब्याण्णवही जोडून पाहिले आणि एक दिवस यादीत नसलेला नवाच ठोकळा पुढ्यात ठेवला. मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं: 'विद्वानांनो, जालन्याला या!'

चाचांनी माझा हात धरला. "ठहर बेटा. शेवटचा त्रिकोण बसून न्हाई राह्यला."

केसाएवढी फट होती. "दाबा की जरा, चाचा! कोण बघतंय?"

"दाबलं तर बसतंय रे. पुठ्ठा गरीब, कुणीबी दाबलं की वाकतो. तूच सांगत फिरतो ना गावभर?"

मग त्यांनी हिशेब मांडला. कोन जरासाच कमी भरत होता; पण तो कधीच भरणार नव्हता. त्यांनी ब्लेड घेतलं आणि सगळा ठोकळा कडेकडेनं उकलला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सांगितलं म्हणे, "ब्याण्णवच हायेत, बिलकुल ब्याण्णव. मी सोता हरून आलो." पोरं हसली, तेही हसले.

संध्याकाळी मी गेलो, तर ते रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. ते जरा सरकले, मला जागा दिली, आणि मी त्यांच्या शेजारी बसलो.